तानिझाकी वाचायचे तर आधी कादंबरी

गेले काही महिने जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी (1886–1965) यांची दोन पुस्तकं इंग्रजी अनुवादातून आलटूनपालटून वाचतोय. एक ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’ हा 1933-34 चा निबंध, दुसरी ‘द मकिओका सिस्टर्स’ ही जाडजूड कादंबरी. निबंध छोटा, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मी सांगेन, आधी कादंबरी घ्या.

निबंध सुंदर आहे, प्रश्नच नाही. जपानी घरात विजेच्या तारा लपवायच्या कशा, इथून सुरू होतो आणि संडासावर मनसोक्त रेंगाळतो. लाखेच्या वाडग्यातलं सूप अंधुक उजेडात कसं दिसतं, काठावर वाफेचे थेंब कसे जमतात, ते वाचताना हात थांबतो. कातडीच्या रंगावरचा मजकूर मात्र आजही खटकतो. शिवाय नुसता निबंध वाचला की हा माणूस जुन्याचा भक्त वाटतो. प्रत्यक्षात ते टोकियोचे, तरुणपणी पाश्चात्त्य वळणाचे. 1923 च्या भूकंपानंतर कानसाई म्हणजे ओसाका-क्योटोकडच्या भागात गेले आणि तिथे रमले.

ते रमणं कादंबरीत दिसतं. ओसाकातलं उतरती कळा लागलेलं व्यापारी घराणं, चार बहिणी, आणि तिसरीचं, युकिकोचं, लग्न जमत नाही. स्थळं येतात, घराण्याची चौकशी होते, बघण्याचे कार्यक्रम होतात, काहीतरी खुसपट निघतं. आपल्याकडच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. या बहिणींमागे तानिझाकींची तिसरी पत्नी मात्सुको आणि तिच्या बहिणी आहेत. 1943 मध्ये मासिकात छापायला सुरुवात झाली आणि लष्कराने ती बंद पाडली. युद्धाच्या दिवसांत बायकांची लग्नं, किमोनो आणि चेरीचा बहर हे कशाला, म्हणून! तानिझाकी लिहीत राहिले. शेवटचा भाग 1948 मध्ये आला.

नावं सुरुवातीला डोक्यात बसत नाहीत, कागदावर लिहून ठेवा. मधला काही भाग संथ आहे, पण 1938 च्या पुराचं प्रकरण एका बैठकीत संपतं.

शेवटी लग्नासाठी टोकियोला निघालेल्या युकिकोचं पोट बिघडलेलं असतं, आणि ते गाडीतही थांबत नाही. बस, कादंबरी संपली. पुढे पान आहे का, हे मी उलटून पाहिलं. मग निबंधातला संडासाचा भाग पुन्हा काढला. या वेळी तो मला मुळीच विक्षिप्त वाटला नाही.