रोलर कोस्टरवर हात वर करावेत की दांडी धरून बसावं?

पहिल्या उतारावर गाडी सुटली की पुढच्या रांगेतले सगळे हात एकदम वर जातात. आपण काय करायचं हे ठरेपर्यंत उतार संपलेला असतो. म्हणून हा निर्णय रांगेत उभं असतानाच घेतलेला बरा. मी दोन्ही प्रकारे पुष्कळदा बसले आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. गुळगुळीत, उंच चढउतारांच्या पोलादी कोस्टरवर हात खुशाल वर करावेत. लाकडी कोस्टर आणि काटकोनात वळणारा छोटा कोस्टर यांवर दांडी सोडू नये, आणि झटक्यात सुटणाऱ्या लाँच कोस्टरवर निदान सुटताना तरी नाही.

बहुतेकांना भीती वाटते ती हात तुळईला आपटून तुटेल याची. बोगद्याचं तोंड किंवा आडवा खांब अंगावर धावून आल्यासारखा दिसतो आणि हात आपोआप खाली येतात. पण हा भास पुष्कळदा मुद्दाम घडवलेला असतो. बसलेल्या माणसाचा हात जिथवर पोचू शकतो, तेवढी जागा आखणीतच मोकळी सोडतात. कोस्टर सुरू करण्याआधी डब्यावर त्या मापाची चौकट बसवून तो सगळ्या ट्रॅकवरून हळूहळू नेतात, आणि चौकट कुठे घासते का ते पाहतात. अमेरिकेचं एएसटीएम एफ२२९१ आणि युरोपचं ईएन १३८१४ ही मानकं याच कामासाठी आहेत. मात्र हा सगळा हिशोब पाठ टेकून, अंगावरचा सुरक्षेचा बार लागलेल्या अवस्थेत बसलेल्या माणसाचा आहे. अर्धवट उठलात, बाजूला वाकलात किंवा हातात काठी धरलीत तर तो हिशोब तुम्हाला लागू होत नाही. डिस्नेच्या पार्कांनी २०१५ मध्ये सेल्फी स्टिकवर बंदी घातली ती उगाच नाही.

दुसरी भीती, दांडी सोडली तर आपण उडून जाऊ ही. तुम्हाला धरून ठेवतो तो मांड्यांवर किंवा खांद्यांवर बसणारा बार. हातांचं ते कामच नाही. गाडीलाही ट्रॅकच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन बाजूंनी चाकं असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं, आणि गाडी रुळावरून उचलली जाण्याची चिंता तेव्हापासून मिटली. बार नीट लागला नसेल तर मुठी कितीही आवळल्या तरी भरवसा नाही. तो नीट लागला असेल तर हात कुठे आहेत याने तुमचं सीटमध्ये टिकणं ठरत नाही.

मग दांडी धरायची कशासाठी? खांद्यासाठी, मानेसाठी आणि शेजाऱ्यासाठी.

खांद्याचं आधी सांगते, कारण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. सत्तर किलोच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो. उताराच्या तळाशी गुरुत्वाकर्षणाच्या चौपट दाब आला, तर तोच हात १४ किलोचा होतो. हात वर असताना हा भार एकट्या खांद्याला पेलावा लागतो. त्यात बाजूचा झटका बसला की वर केलेला हात बाहेर आणि मागे फेकला जातो. खांद्याचा गोळा पुढच्या बाजूला निखळतो तो नेमका याच स्थितीत. ज्यांचा खांदा एकदा जरी निखळलेला आहे त्यांनी हात वर करूच नयेत, कुठल्याच कोस्टरवर नाही. तरुणपणी निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते.

मानेच्या बाबतीत दांडी धरणाऱ्याची बाजू आणखी भक्कम आहे, पण ती धरण्याची पद्धत चुकली तर फायदा उलटतो. पुष्कळ जण घाबरून पुढे वाकतात, हनुवटी छातीला टेकवतात आणि कोपरं ताठ करतात. अशा वेळी तळाचा दाब थेट मानेच्या मणक्यांवर येतो आणि ब्रेकचा हिसका सरळ खांद्यापर्यंत पोचतो. डोकं मागे टेकलेलं, कोपरं किंचित वाकलेली आणि पकड घट्ट पण न थरथरणारी असावी. सुटतानाचा झटका मानेला किती जड जाऊ शकतो ते जपानच्या फुजी-क्यू हायलँड पार्कमधल्या डो-डोडोनपा या लाँच कोस्टरवरून लक्षात यावं. तो दीड सेकंदाच्या आसपास ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठायचा. प्रवाशांची मानेची, पाठीची हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये तो थांबवला आणि पुढे कायमचा बंद केला.

लाँच कोस्टरवर म्हणूनच मी सुटण्याच्या क्षणी दांडी सोडत नाही. अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा २०१० मध्ये सुरू झाला, आणि तो पाचएक सेकंदांत ताशी २४० किलोमीटरवर जातो. तिथे डोळ्यांसाठी गॉगल देतात. खांद्यांसाठी असं काही देत नाहीत. गाडी पुढे झेपावते तेव्हा वर धरलेले हात मागेच राहू पाहतात. पहिला जोर ओसरल्यावर हवे तर वर करावेत.

लाकडी कोस्टरचा प्रश्न वेगळा. न्यू यॉर्कमधल्या कोनी आयलंडचा १९२७ चा सायक्लोन घ्या किंवा त्याच घराण्यातला दुसरा कुठलाही, या गाड्या बाजूला हादरतात. कंबर सीटच्या कडेवर आपटते. हात दांडीवर असले की धड सावरता येतं, हवेत असले तर सावरायला काहीच नसतं. अंधारातल्या कोस्टरवर वळण दिसत नाही, अंग आधीच तयार होत नाही. तिथेही मी धरूनच बसते.

काटकोनात वळणाऱ्या छोट्या कोस्टरला लोक मुलांचा खेळ समजतात. माझ्या आठवणीतली सगळ्यात वाईट इजा तिथलीच आहे. वळणावर ट्रॅक आत कललेला नसतो, त्यामुळे माणूस सीटमध्येच वळणाच्या बाहेरच्या बाजूला जोरात ढकलला जातो. माझे हात वर होते, मनगटात घड्याळ होतं आणि शेजारी नऊ वर्षांची भाची. तिसऱ्या वळणावर माझं कोपर तिच्या गालाच्या हाडावर बसलं आणि घड्याळाची कडा कानाच्या पाळीवर. खाली उतरेपर्यंत पाळीवर रक्ताचा बारीक थेंब साचला होता. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "मावशी, तू दुसऱ्या बाजूला बस." तेव्हापासून घड्याळ, अंगठी, मोबाइल सगळं लॉकरमध्ये.

मोबाइल तर हातात नकोच. शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटलेला फोन मागच्या माणसाच्या तोंडावर बसू शकतो. २०१९ मध्ये स्पेनच्या पोर्टअव्हेंचुरामधल्या शांभला कोस्टरवर एकाने पुढच्याचा उडालेला फोन हवेतच झेलला. त्या झेलाचं जगभर कौतुक झालं. मला मात्र तो झेल सुटला असता तर, हाच विचार आला. आणि काही पडलंच तर कुंपण ओलांडून आणायला जाऊ नका. अमेरिकेत २००८ आणि २०१५ मध्ये अशा प्रकारे आत शिरलेल्या माणसांना धावत्या गाडीची धडक बसून मृत्यू आला.

एवढं सगळं असूनही हात वर करण्याच्या बाजूने बोलायला हवं. टेकडीच्या माथ्यावर शरीर सीटमधून अलगद उचललं जातं, त्याला कोस्टरवेडे एअरटाइम म्हणतात. दांडी धरलेला माणूस नकळत स्वतःला खाली ओढत असतो आणि त्या उचलण्याशी झगडतो. हात सोडले की पोटापासून खांद्यापर्यंत सगळं सैल पडतं, आणि दोन सेकंदांचं तरंगणं पुरतं मिळतं. यासाठीच मी रांगेत तासभर उभी राहते.

हात वर करायचेच तर कानांच्या मागे ताठ नकोत. कोपरं थोडी वाकवून, स्वतःच्या डोळ्यांना दिसतील इतके पुढे ठेवावेत. बाजूला पसरू नयेत. स्टेशनातून गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत ते आत ठेवावेत आणि शेवटचे ब्रेक लागण्याआधी पुन्हा आत घ्यावेत. फलकावर हात आत ठेवा असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

लहान मुलांसाठी पर्याय एकच, दांडी. दोघांत एक बार असेल तर तो मोठ्याच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या मांडीवर फट राहते. सुटण्याआधी त्या फटीत हात घालून पाहा. जास्त वाटली तर ऑपरेटरला हाक मारा, आणि मनाला पटलं नाही तर उतरून या.

भाची आता चौदाची आहे. मागच्या खेपेला मोठ्या पोलादी कोस्टरवर तिने बार स्वतः दोनदा ओढून पाहिला, माझं रिकामं मनगट तपासलं, आणि माथ्यावर गाडी क्षणभर थबकली तेव्हा आधी तिचे हात वर गेले, मग माझे.