व्हील कव्हरची पारख मागच्या बाजूने

लोखंडी रिमच्या गाडीवर बसवलेल्या 14 इंची व्हील कव्हरच्या एका संचाचे हे परीक्षण आहे. चार नग, साहित्य एबीएस प्लॅस्टिक, रंग रुपेरी, मागे तारेचे कडे, आणि वेष्टनावर 'सर्व गाड्यांसाठी' असा दावा. दर्शनी बाजूला नाव ठेवायला जागा नाही. रंग एकसारखा बसला आहे आणि आऱ्यांच्या कडा स्वच्छ आहेत. मात्र कव्हर चाकावर टिकते ते मागच्या बाजूच्या जोरावर, आणि तिथे हा संच जेमतेम उत्तीर्ण होतो.

खरेदीआधी आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवलेले बरे. हबकॅप ही चाकाच्या मध्यभागापुरती छोटी टोपी असते आणि ती आतल्या नटाचे व बेअरिंगच्या ग्रीसचे धूळपाण्यापासून रक्षण करते, तर व्हील कव्हर संपूर्ण रिम झाकते. विक्रेते दोन्ही वस्तू एकाच मथळ्याखाली मांडतात, त्यामुळे छायाचित्रावर विसंबून राहू नये. माप टायरच्या बाजूवरच छापलेले असते: 165/80 आर 14 असे लिहिले असेल, तर शेवटचा 14 हा रिमचा इंचांतील व्यास आणि कव्हरही त्याच मापाचे घ्यायचे. टायरची रुंदी सांगणाऱ्या 165 या आकड्याचा येथे काही संबंध नाही.

आता कव्हर पालथे करून पाहू. परिघाजवळ प्लॅस्टिकच्या क्लिपा गोलाकार उभ्या आहेत आणि त्यांच्या खाचांतून स्प्रिंगच्या पोलादाची तार फिरवलेली आहे. ही तार क्लिपांना आतून बाहेर रेटते आणि क्लिपा रिमच्या आतल्या कडेला धरून बसतात; सगळी पकड एवढीच. प्रत्येक क्लिपेवर दोन खाचा असल्यामुळे तार बाहेरच्या खाचेत सरकवून ताण वाढवता येतो, ही सोय चांगली आहे. परंतु चारपैकी एका कव्हरवरील दोन क्लिपांच्या मुळाशी साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे कंगोरे तसेच राहिले होते आणि त्यामुळे तार खाचेत पूर्ण बसत नव्हती. ब्लेडने ते तासल्यावर काम झाले, तरी बसवण्यापूर्वी असे काही तासावे लागणे हे तपासणीतील ढिलाईचेच लक्षण म्हणावे लागेल.

तारेला एके ठिकाणी बाक दिलेला असतो, तो टायरमध्ये हवा भरण्याच्या वॉल्व्हसाठी. तो बाक आणि कव्हरमधील भोक वॉल्व्हसमोर आणून आधी तीच बाजू बसवायची, मग तळहाताने समोरासमोरच्या जागा आळीपाळीने दाबत जायचे. हातोडीचे येथे काम नाही. बसवलेले कव्हर सगळीकडून सारखे टेकले नसेल, तर रिमच्या कडेला अडकवलेली बॅलन्सिंगची वजने आड येत नाहीत ना, हे पाहावे. वरील मापाचे चाक ताशी 80 किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे 11 फेरे घेते, त्यामुळे एका बाजूने किंचित उचललेले कव्हर खड्ड्याच्या एका धक्क्याने निसटू शकते. या संचातील एकही कव्हर अद्याप निसटलेले नाही. सावकाश वळण घेताना मात्र पुढच्या डाव्या चाकातून कुरकुर ऐकू येते. वजनाखाली रिम सूक्ष्म प्रमाणात लवते आणि क्लिपा तिच्यावर घासतात, त्याचा तो आवाज. धोका काही नाही, पण कानाला खटकतो.

साहित्याबद्दल सांगायचे, तर एबीएसवर रंग छान धरतो. मात्र लांब घाटउतारावर ब्रेक तापतात तेव्हा हे प्लॅस्टिक नायलॉनच्या मिश्रणाइतकी उष्णता सोसत नाही. पॉलिप्रोपिलीन अधिक लवचीक असते आणि फुटपाथला घासले तरी सहसा तडकत नाही, पण त्यावर रंग टिकवणे कठीण जाते. या संचात आऱ्यांमधील फटी पुरेशा मोठ्या आहेत, त्यामुळे ब्रेकला हवा मिळते.

एक गोष्ट मात्र मला मुळीच रुचली नाही. कव्हरच्या मध्यभागी क्रोमचा मुलामा दिलेले खोटे नट आहेत. खरे नट त्यांच्यामागे झाकले जातात, आणि चाक बदलल्यानंतर ते पुन्हा तपासायचे असतात, ही गोष्ट या खोट्या दिमाखात विसरली जाण्याचीच शक्यता अधिक. काही गाड्यांची मूळ कव्हरे नटांखालीच आवळली जातात. त्या रिम आणि ती कव्हरे एकमेकांसाठीच घडवलेली असतात. त्यांचे पाहून साधे कव्हर नटाखाली दाबण्याचा उपद्व्याप कोणी करू नये, कारण मधले प्लॅस्टिक हळूहळू दबत जाते आणि नटाची पकड सैल होते.

काढताना पान्याच्या चपट्या टोकाला कापड गुंडाळून दोन-तीन ठिकाणी थोडे-थोडे उचलावे. एकाच जागी जोर लावल्यास आधी क्लिप मोडते, आणि या उत्पादनाची खरी अडचण तिथेच आहे: सुटी तार मिळत नाही, सुटे कव्हरही मिळत नाही, त्यामुळे एक नग गेला की चारही नवे घ्यावे लागतात. गाडीच्या उत्पादकाचे मूळ कव्हर महाग पडते, पण ते एकेक विकत मिळते आणि त्याच गाडीच्या रिमसाठी घडवलेले असते. गाडी बरीच वर्षे ठेवायची असेल, तर मी तेच घेण्यास सांगेन. गंजू लागलेली रिम कमी खर्चात झाकायची असेल, तर हा संच चालेल; फक्त प्रत्येक कव्हर फटीतून प्लॅस्टिकच्या पट्टीने रिमला बांधून घ्यावे आणि चाक बदलताना ती कापता यावी, यासाठी डिकीत स्टेपनीजवळ एक कटर ठेवावा.