सेल्सचा इंटरव्ह्यू म्हणून बोलावलं आणि १८,७५० रुपये घेतले

संभाजीनगरला सेल्सच्या नोकरीसाठी फ्रेशर म्हणून निघालेल्या पोरापोरींनी हे वाचाच, आणि घरी ज्यांचे आईवडील पैशाची सोय करायलेत त्यांनी तर आधी वाचा. माझे १८,७५० रुपये गेले. फॉर्म फी ३००, ट्रेनिंग २,८००, किट आणि आयडी कार्ड १,४५०, परत मिळणार म्हणून सांगितलेलं डिपॉझिट १२,०००, रूम आणि मेसचा ॲडव्हान्स २,२००. यातले १२ हजार माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोयाबीन विकून दिले. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि मोंढ्यात आमचा माल ४,०५० नं गेला, म्हणजे जवळपास तीन क्विंटल सोयाबीन एका क्यूआर कोडवर गेलं. हे लिहिताना अजून हात थरथरतो माझा रागानं.

जाहिरात नेहमीचीच होती. मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, फिक्स १८,५००, राहणं-खाणं कंपनीचं, अनुभवाची अट नाही. वाचणारे म्हणतील एवढं पण कळलं नाही का. अहो, जालना रोडवर कॉम्प्लेक्समध्ये ऑफिस होतं, काचेचा दरवाजा, रिसेप्शनला मुलगी, भिंतीवर जीएसटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, बाहेर बाकड्यावर माझ्यासारखी पंधरा-वीस पोरं फायली घेऊन बसलेली. बीकॉम होऊन घरी बसलेल्या माणसानं यापेक्षा काय तपासायचं? जीएसटी नंबर कोणालाही काढता येतो आणि कंपनी नोंदणीकृत असली म्हणजे तिचा धंदा खरा असतो असं नाही, हे मला नंतर समजलं.

इंटरव्ह्यूचं सांगतो, कारण खरी खूण तिथंच होती. फॉर्मच्या पुढच्या पानावर शिक्षण, पत्ता वगैरे, आणि मागच्या पानावर वीस ओळींचा तक्ता. नाव, नातं, मोबाईल नंबर, काय करतो. वीसच्या वीस ओळी भरल्याशिवाय फॉर्म घेत नव्हते, म्हणे रेफरन्स लागतो. मग मॅडमनी आत बोलावून विचारलं काय, तर शेती किती एकर, कोरडवाहू की बागायती, भाऊ काय करतो, बहीण कुठं दिली, मित्र किती जण रिकामे आहेत. विकण्याबद्दल एक प्रश्न नाही. वस्तू कोणती, एरिया कोणता, टार्गेट किती, काही नाही. पाच-सात मिनिटात "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं, आज डिपॉझिट भरलं तर आजच जॉइनिंग, नाहीतर सीट दुसऱ्याला."

माझा मामेभाऊ नांदेडला डिस्ट्रिब्युटरकडं सेल्समन आहे, त्याला सगळं झाल्यावर विचारलं तर तो म्हणला, अरे खऱ्या ठिकाणी पहिला प्रश्न गाडी आहे का आणि लायसन आहे का. मग कोणती गावं, कोणतं मार्केट माहितीय, हा पेन मला विकून दाखव, दुकानदार उधारी मागायला लागला तर काय करशील. बऱ्याच ठिकाणी एक दिवस जुन्या सेल्समनबरोबर बीटवर पाठवतात, दुकानं फिरवतात, मग ठरवतात. पगार फिक्स किती, इन्सेंटिव्ह कशावर, पेट्रोलचे पैसे वेगळे का त्यातच, पीएफ-ईएसआय कापणार का, कंपनीच्या रोलवर घेणार का एजन्सीच्या, हे तुम्ही विचारायचं आणि त्यांनी न चिडता सांगायचं. माझ्याकडं पगाराचा विषय निघाला की मॅडम म्हणायच्या "पॉझिटिव्ह विचार करा".

आता ती वेळ, जी आठवली की रात्री झोप लागत नाही. टेबलावरचा कोड स्कॅन केला, १२,००० टाकले आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. कंपनीचं नाही. एका बाईचं, साधं घरगुती नाव. मी थांबलो होतो, खरंच थांबलो होतो, मॅडमला म्हणलं पण की हे नाव वेगळं यायलंय. तर बोलण्यात खळ न पडता उत्तर आलं, "कंपनीच्या अकाउंटची आजची लिमिट संपलीय, हे आमच्या अकाउंटंटचं आहे, पावती कंपनीचीच मिळेल." मागं रांग लागलेली, बाजूचा पोरगा भरून मोकळा झालेला, अण्णा सकाळपासून दोनदा फोन करून विचारत होते झालं का काम. अशा वेळी कोण मोबाईल खिशात घालून उठून येतो? पण तुम्ही उठा. त्या स्क्रीनवरचं नाव हाच पुरावा असतो, त्याचा फोटो काढा आणि तिथून निघा. रांग लागू द्या.

पावती दिली त्यावर डिपॉझिट हा शब्दच नव्हता. "प्रॉडक्ट परचेस, नॉन रिफंडेबल" असं बारीक अक्षरात छापलेलं. ट्रेनिंगला गेल्यावर कळलं प्रॉडक्ट म्हणजे एक सूटपीस आणि पावडरचे दोन डबे, आणि नोकरी म्हणजे आपल्याखाली दोन माणसं जोडायची, त्यांनी पुन्हा दोन-दोन. हॉलमध्ये टाळ्या, आरडाओरडा, मोबाईल काढून घेतलेले. आणि फोन कसा करायचा ते लिहून दिलेलं: "मला चांगली नोकरी लागलीय, तुझ्यासाठी पण बोललोय, कागदपत्रं घेऊन ये, घरी जास्त सांगू नको." मी फोन करायला नाही म्हणलो तर त्या वीस ओळींतून त्यांनीच लावले, माझं नाव सांगून. माझ्या ताईच्या दिराला लावला. ताईला सासरी काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणून सांगतो, कोणत्याही इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर नातेवाईकांचे नंबर देऊ नका. रेफरन्स लागला तर कॉलेजच्या सरांचा द्या, त्यांना विचारून.

पैसे परत मागितले तर आधी "सर बाहेरगावी आहेत", मग "दोन माणसं आण, पैसे निघून येतील", मग नंबर ब्लॉक.

पोलिसांकडं गेलो. तिथले साहेब पावती बघून म्हणाले, वस्तू घेतलीय ना तुम्ही, स्वतःच्या हातानं पैसे दिलेत, हे सिव्हिल मॅटर आहे. गावाकडच्या ठाण्यात गेलो तर घटना संभाजीनगरची, तिकडं जा. अहो, तिकडूनच आलोय! सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन केला, तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण पैसे खात्यातून आधीच काढून घेतलेले, आणि पुढं सायबरवाले म्हणतात समोरासमोर बसून दिलेत, ही सायबर केस होत नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणे पिन तुम्हीच टाकला. कामगार ऑफिसात म्हणे नेमणूकपत्र दाखवा, ते असतं तर मी रडत कशाला आलो असतो? प्रत्येक टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवतो, आणि प्रत्येक वेळी वरून एक वाक्य असतंच, "शिकलेले असून असं कसं फसता?" फसवणारा एसीत बसलाय त्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही. माणसं जोडून पैसे फिरवायच्या योजनांवर १९७८ पासून केंद्राचा बंदी कायदा आहे, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांमध्ये पण पिरॅमिड स्कीमला स्पष्ट मनाई आहे. मग जालना रोडवर भरदिवसा पाटी लावून हे चालतं कसं?

ज्यांचं झालंय त्यांनी हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. नवीन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कायद्याच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदवून घेत नसतील तर त्याच कलमाखाली एसपींना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो, शहर असेल तर पोलीस आयुक्तांना. माझ्याकडून नुसता साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला आणि मी महिनाभर एफआयआर झाला म्हणून वाट बघत बसलो. तेव्हा हातात काय दिलंय ते तिथंच वाचा, एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला त्याच तासात फोन करा, संध्याकाळची वाट बघू नका. वस्तू गळ्यात मारली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवा.

आणि अजून एक, घरी लपवू नका. मी लपवलं, कारण अण्णांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि त्याच काळात कंपनीवाल्यांनी माझ्या नावावर अजून दोघांना बोलावलं.

माझ्या बॅचला परभणी, हिंगोली, जालना, बीडकडची बरीच पोरं होती. लाजेनं गप्प बसलेत सगळे, मला माहितीय. पण एकट्याचा अर्ज बाजूला ठेवतात, पंधरा जणांचा ठेवता येत नाही. आयुक्तांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवायचाय, ज्यांच्याकडं ती पावती आणि त्या बाईच्या नावाचा पेमेंट स्क्रीनशॉट असेल त्यांनी डिलीट करू नका आणि मला कळवा, तुमची नावं रकमेसकट त्याच अर्जात घालतो.