आयुष्मान कार्ड: ऑपरेशन फुकट झालं, पण आंगठ्यापायी मायची तारीख हुकली

आयुष्मान कार्ड घरात येऊन आता वर्ष होत आलं. ते कसं काढायचं, पाच लाखांचं कवच म्हणजे काय, कोणते दवाखाने यादीत आहेत, हे पुष्कळांनी लिहून झालं आहे. मी लिहितोय ते ऑपरेशनला आणि ऑपरेशननंतर हे कार्ड प्रत्यक्ष चालवताना काय झालं त्याबद्दल. खरं तर निम्म्याहून जास्त आंगठ्याबद्दलच लिहिणार आहे, कारण या सगळ्यात माझं डोकं फिरलं ते तिथं.

आधी चांगलं सांगतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातले, घरी केशरी रेशनकार्ड. आमच्या भागात म्हातारी माणसं या कार्डामागच्या राज्याच्या योजनेला अजून ‘जीवनदायी’ म्हणतात. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली त्यात होते, यवतमाळ नंतर आलं. २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत आमचा जिल्हा असल्यानं इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती आधीपासून लागू होती. आता तर रंग कोणताही असो, रेशनकार्ड असलं की झालं.

मायच्या उजव्या किडनीत मुतखडा होता आणि तो लहान नव्हता. खाजगीत साठ हजारांच्या वर खर्च सांगितला. दिवाळी आटोपली आणि आम्ही तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात या कार्डावर भरती केलं. दुर्बिणीनं खडा फोडून काढला. तपासण्या, औषधं, जेवण, सगळं पॅकेजमध्ये. सुटी झाल्यावर गावी परत यायचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये असतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, ते मागावं लागतं. आम्ही मागितलं, मिळालं. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता डिसेंबर.

खडा काढल्यावर किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात, दोन्ही टोकं वळलेली असतात म्हणजे ती जागची हलत नाही. काही आठवड्यांनी ती काढायची असते. काढायला चिरफाड नाही, भूल नाही, जेली लावून दुर्बीण घालतात आणि काही मिनिटांत काम होतं. पण ती काढावीच लागते. तीन महिन्यांच्या पुढं राहिली तर तिच्यावरच खडा बसायला लागतो, आणि मग काढणं हेच एक ऑपरेशन होऊन बसतं. म्हणून या तारखेला महत्त्व. शिवाय नळी आत असेपर्यंत माणसाला चैन नसते. मायला घडीघडी लघवीला जावं लागे, जाताना कमरेत कळ येई, आणि शेतात दिवसभर वाकून काम झालं की लघवी लालसर होई. तिनं डिसेंबरच्या त्या तारखेची वाट पाहिली होती.

त्या दिवशी अंधारातच वडकीहून हिंगणघाट-जाममार्गे जाणारी एसटी धरली. मायचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. रस्त्यात तिला दोनदा गाडी थांबवून उतरावं लागलं; कंडक्टर भला माणूस, काही बोलला नाही. केसपेपर निघाला तेव्हा त्यावर छापलेली वेळ होती नऊ वाजून सात मिनिटं. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण पुढं मला उशिरा आल्याचं सांगण्यात आलं.

नळी काढण्याआधी योजनेच्या काउंटरवर नवीन नोंद करावी लागेल, असं सांगितलं. नोंदीला आंगठा पाहिजे. मायनं आंगठा ठेवला, घेतला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, “आजी, जोरात दाबा.” माय म्हणाली, “किती दाबू बाप्पा, हाड लागून राह्यलं.” त्यानं सॅनिटायझर लावून पुसायला लावलं. त्यानं तर आणखीच बिघडलं. कोरड्या बोटाचा ठसा आधीच उमटत नाही, आणि सॅनिटायझर कातडी अजून कोरडी करतं. हे त्या काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसाला ठाऊक नसावं?

मी म्हटलं, डोळ्यावरून ओळख पटवायचं मशीन लावा. ते कपाटात, कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते सुटीवर. मग ओटीपी. आधारला जोडलेला नंबर धाकट्या भावाचा, तो पुण्याच्या कंपनीत, पाळीवर असताना फोन गेटवर जमा. मध्येच सर्व्हर गेला. तो आला तर काउंटरवरच्या मुलाची जेवणाची वेळ झाली. दुपारी भावाची सुटी झाल्यावर ओटीपी मिळाला, नोंद झाली, मंजुरीचा मेसेज आला तेव्हा दोन वाजून गेले होते. आम्ही वर धावत गेलो. मूत्ररोगाची ओपीडी बंद. सिस्टर म्हणाल्या, “सर ऑपरेशन थिएटरात गेले. पुढची तारीख घ्या.” ही ओपीडी आठवड्यातल्या ठरलेल्या वारीच असते आणि नळ्या काढायची यादी आधीच भरलेली. पुढची तारीख मिळाली थेट संक्रांतीनंतरची. मी केसपेपर दाखवला, नऊ सात दाखवलं. उत्तर मिळालं की ओपीडीत तुम्ही उशिरा आला. खालच्या काउंटरवर गेलेला वेळ वरच्या मजल्यावर कुठंच लिहिलेला नसतो. पेशंट दवाखान्यात कधी आला याची नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे, पण तारीख देणारा ती बघत नाही, आणि बघायला सांगितलं तर “ते आमच्याकडे नाही” म्हणतो.

आता आंगठा. हेच कार्ड काढलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या शिबिरात, जेठाच्या उन्हात, मायचा आंगठा पहिल्या झटक्यात लागला होता. भरतीच्या वेळीही लागला. मग डिसेंबरात काय झालं? झालं असं की मधल्या काळात कापूस फुटला. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं की आमच्याकडच्या बायांची बोटं महिनोनमहिने बोंडात असतात. फुटलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, बोटाच्या पेरावरची कातडी सोलून निघते, त्यावर थंडीच्या भेगा. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती, वेचायला केली नव्हती, असं मायचं म्हणणं. आणि वेचायला बाया मिळत नसल्यानं ती स्वतःच्या वावरात रोज सकाळी दोन-तीन तास जातच होती. मी घरी आल्यावर कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली तिचा आंगठा नीट पाहिला. पेराच्या मधोमध रेषाच नव्हत्या. गुळगुळीत जागा आणि तिच्या कडेला दोन उभ्या चिरा, त्यात काळं बसलेलं.

म्हणजे हा ठसा हंगामी आहे. उन्हाळ्यात असतो, वेचणीत जातो, होळीपर्यंत परत येतो. गावात विचारलं तर निम्म्या बायांचं हेच. रेशन दुकानातही डिसेंबर-जानेवारीत हीच बोंब. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात. मजुरी करणाऱ्यांच्या हातांपासूनच सुरुवात झाली, आणि एवढ्या वर्षांत त्या हातांचं काय होतं याचा विचार काउंटरपर्यंत पोचलेला नाही. वरच्या पातळीवर तो झालेला आहे. ठसा जुळला नाही तर लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा, असं आधार प्राधिकरणाचं ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पडताळणी फसली म्हणून माणसाला हक्कापासून वंचित ठेवू नये असंच म्हटलं आहे. मायला कुणी ‘नाही’ म्हटलं नाही हे खरं. तिला फक्त बसवून ठेवलं. पण ओपीडीच्या वेळेपर्यंत बसवून ठेवलं तर ते ‘नाही’च झालं.

ज्या माणसावर सरकार हजारोंचं ऑपरेशन फुकट करतं, त्याची तारीख कपाटाच्या एका चावीपायी जाते, हे मला सहन होत नाही. आणि आमचा खर्च वेगळाच: दोघांचं भाडं, नाश्तापाणी, माझी बुडालेली मजुरी, घरी ठेवलेल्या गड्याचा रोज. फुकट उपचाराची तारीख हुकली की ती आपल्या खिशातून जाते.

इथपर्यंतचं मी डिसेंबरातच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी एक तारा दिला होता. पुढचं नंतरचं आहे, आणि त्यानं माझं मत बरंचसं बदललं.

दुसऱ्याच दिवशी १५५३८८ वर फोन केला. हा योजनेचा टोल फ्री नंबर, फोन लागतो, मराठीत बोलतात. तक्रार नोंदवून घेतली, केसपेपरवरची वेळ विचारली. तारीख अलीकडे आणता आली नाही. मधल्या काळात मायचा त्रास बघून मी यवतमाळात खाजगीत विचारलं; नळी काढायचे पाच-साडेपाच हजार सांगितले. मी काढायला तयार होतो. माय नाही म्हणाली. “पाच हजार कायले द्याचे? त्यात तूर सोंगाची (कापायची) मजुरी निघते.” मी दिवस मोजत होतो, कारण संक्रांतीनंतरची तारीख तीन महिन्यांच्या आत बसत होती पण काठावर. ती जर पुन्हा हुकली असती तर मी योजना-बिजना सोडून खाजगीत नेलं असतं, आणि त्या नळीवर खडा बसला असता तर हिशेब पाच हजारांवर थांबला नसता.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून आरोग्यमित्राचा, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या मॅडमचा, फोन आला. तक्रारीमुळं आला असावा असा माझा समज. म्हणाल्या, “दादा, आईंना घेऊन सरळ माझ्याकडे या, रांगेत थांबू नका.” डिसेंबरात काउंटरवर या नव्हत्या. गेलो. त्यांनी मायचे हात बघितले आणि आंगठ्याचं मशीन बाजूला सारलं. मोबाईल समोर धरला. “मावशी, चष्मा काढा. इकडं बघा. आता डोळे मिचकवा.” मायनं डोळे मिचकावले आणि हिरवी खूण आली. एवढंच. माय विचारत होती, “झालं काय?” झालं होतं. आम्ही वर गेलो तेव्हा ओपीडीचे दरवाजेही पुरते उघडले नव्हते. नळी निघाली, दुपारी आम्ही परतीच्या एसटीत होतो, आणि जामपर्यंत मायला एकदाही उतरावं लागलं नाही.

आनंद झालाच. पण राग दुप्पट झाला, हेही लिहून ठेवतो. चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय तेव्हाही होती. तोच दवाखाना, तीच योजना, तोच मोबाईल. डिसेंबरातल्या माणसाला ती माहीत नव्हती किंवा तसदी घ्यायची नव्हती. मॅडमनी मला सांगितलं की ठसाच घ्यायचा झाला तर आंगठ्याच्या हट्टात पडू नका, डाव्या हाताची अनामिका लावून बघा. वेचणीत ते बोट सगळ्यात कमी घासतं. घरी येऊन पाहिलं, मायच्या डाव्या अनामिकेवर रेषा शाबूत आहेत. हे एक वाक्य डिसेंबरात कुणी बोललं असतं तर एवढा पसारा झाला नसता.

तर आता माझं म्हणणं असं. कार्ड काढाच, दुसऱ्यांना काढायला लावा. सत्तर ओलांडलेल्यांचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, तेही काढून ठेवा. पण वेचणीच्या दिवसांत बाईमाणसाला तारखेवर नेत असाल तर आदल्या दिवशी आरोग्यमित्राला फोन करून चेहऱ्यानं नोंद होईल का हे विचारून घ्या. आधारला जो नंबर जोडला आहे तो फोन सोबत असलेल्या माणसाचा असू द्या. मी मायच्या आधारला आता माझा नंबर जोडून घेतला. केसपेपरवरची छापील वेळ टाकून देऊ नका. आणि तारीख हुकली तर काउंटरवर भांडत बसू नका, तिथल्या तिथं १५५३८८ लावा. तिथं बोललेलं दवाखान्यात पोचतं, आपण काउंटरवर बोललेलं पोचत नाही.

तारे: उपचाराला पाच. आरोग्यमित्र मॅडमना पाच. डिसेंबरातल्या काउंटरला शून्य, ते मी बदलणार नाही. त्या दवाखान्याला लेखी दिलं आहे की योजनेच्या काउंटरवरची आल्याची वेळ ओपीडीतल्या यादीत दिसली पाहिजे, आणि नोंदीत अडकलेल्या पेशंटची तारीख त्याच आठवड्यात मिळाली पाहिजे. अर्जाची पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही. मायची फेरतपासणीची सोनोग्राफी पावसाळ्यानंतर आहे, वेचणी सुरू व्हायच्या आत, आणि ती तारीख मी मुद्दाम मागून घेतली आहे.