टीव्हीच्या सेटवरचे गे रोमान्स आणि मानेवरचा डाग: काही महिन्यांच्या वाचनानंतर

पुस्तकं वाचायच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं. वर्षाचे पैसे एकदम कापले गेले आणि मेसेज आला तो कापल्यावर. कस्टमर केअरला फोन लावला तर 'सर, पॉलिसीच तशी आहे' याच्या पुढे गाडी जाईना. रिफंड नाही म्हणजे नाही. मग म्हटलं, गेलेच आहेत तर वाचून वसूल करू, आणि इतके महिने जे वाचतोय त्यावर एकदाचं लिहूनही टाकू. त्या अ‍ॅपवर माझ्या नावावर जे साचलंय ते जवळपास एकाच प्रकारचं आहे: टीव्हीवरचा नट, त्याचा लपवलेला प्रियकर आणि साडेतीनशे-चारशे पानं. फेक डेटिंग (जोडी असल्याचं नाटक), स्लो बर्न (सावकाश जमत जाणारं प्रेम) हे ठरलेले साचे त्यात आलेच.

मी मालिकेच्या सेटवर कंटिन्युटी बघतो. सोमवारच्या अर्ध्या सीनमध्ये सासूबाईंच्या पदराची पिन ज्या खांद्यावर होती, गुरुवारी उरलेला अर्धा लागला की तिथेच हवी, ही माझी रोजीरोटी. त्यामुळे माझी पहिली तक्रार प्रेमाबद्दल नाहीच. ती आहे मानेवरच्या डागाबद्दल.

प्रकार ठरलेला असतो. रात्री दोघं एकत्र येतात, सकाळी नायक सेटवर, मानेवर लव्ह बाइट. मेकअपवाली गालात हसते, थोडं फाउंडेशन थापते, विषय संपला. अहो, असा कसा संपला? लाल-जांभळ्या डागावर नुसतं फाउंडेशन लावलं तर कॅमेऱ्यात तो करडा दिसतो. आधी रंगानं रंग मारावा लागतो: ताजा लाल असेल तर हिरवट, निळा पडला की नारिंगी, मग त्यावर त्वचेचा थर. डाग रोज रंग बदलतो, म्हणजे रोज नवं गणित. लाइटखाली घाम आला की टचअप. कॉलर घासली की शर्टाला मेकअप लागतो आणि कॉश्च्युमदादा तोंड सोडतात. त्यात सीन आधीच्या सीनला जोडून असला तर मी फोटो काढून तुलना करत उभा. एवढं होईपर्यंत डीओपी (कॅमेऱ्याचा प्रमुख), डायरेक्टर, एडी (त्याचा सहायक), स्पॉटदादा आणि चॅनेलची क्रिएटिव्ह या सगळ्यांना कळलेलं असतं की काल रात्री साहेब एकटे नव्हते. कादंबरीत मात्र पुढची दोनशे पानं ते 'गुपित' राहतं.

दुसरी तक्रार वेळेची. हा नायक रात्री दोनला पॅकअप करतो, प्रियकराकडे जातो, पहाटे समुद्रकिनाऱ्यावर भांडतो आणि सहाच्या कॉलला, म्हणजे सेटवर पोचायच्या वेळेला, ताजातवाना हजर. गोष्ट लॉस एंजेलिसची. तिथल्या नटांच्या युनियनचा, म्हणजे सॅग-आफ्ट्राचा, नियम आहे की सुटल्यापासून पुढच्या कॉलपर्यंत साधारण १२ तासांची विश्रांती हवी. ती मोडली की 'फोर्स्ड कॉल', आणि प्रॉडक्शनला त्याचा भुर्दंड. दोनला सुटलेल्या माणसाला सहाला बोलावणारा लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटचा रोजचा खर्च बघणारा, तिथे टिकणार नाही. आपल्याकडे शिफ्ट बारा तासांची, आणि तेरावा तास 'एकच शॉट राहिलाय' यात जातो, त्यामुळे आपल्या लेखकानं असं लिहिलं असतं तर मी चूपचाप मान डोलावली असती.

एवढी पानं का, हेही या महिन्यांत उमगलं. अशा योजनांमध्ये लेखकाला बहुधा वाचलेल्या पानांच्या हिशेबानं पैसे मिळतात. मग गैरसमज एका फोनमध्ये मिटण्यासारखा असला तरी तो तीन प्रकरणं चालतो. चित्रपट संपल्यावरही खुर्चीत बसून राहावं तसे एपिलॉग (उपसंहार), आणि एपिलॉगनंतर बोनस एपिलॉग. आमच्याकडे टीआरपी चढला की लग्नाचा ट्रॅक दोन आठवडे ताणतात, त्यामुळे राग येतो असंही म्हणता येत नाही. धंदा कळतो.

खलनायक बहुतेक वेळा नटाचा एजंट किंवा पब्लिसिस्ट, म्हणजे त्याची प्रसिद्धी सांभाळणारा. 'बाहेर कळलं तर करिअर संपेल' हे त्याचं पालुपद. कथा १९५५ची असती तर पटलं असतं. त्या वर्षी हॉलिवूडचा स्टार रॉक हडसन, जो गे होता, त्यानं फिलिस गेट्सशी लग्न केलं. ती त्याच्या एजंटची, हेन्री विल्सनची, सेक्रेटरी होती. लग्न तीन वर्षांत मोडलं. पुढे हडसन टीव्हीवर आला, सत्तरच्या दशकात 'मॅकमिलन अँड वाइफ'मध्ये प्रेमळ नवरा म्हणून घराघरांत पोचला, आणि जगाला खरं कळलं ते १९८५मध्ये, तो एड्सनं आजारी असल्याचं जाहीर झालं तेव्हा. पण या कादंबऱ्या तर घडतात स्मार्टफोनच्या काळात. अमेरिकन नट नील पॅट्रिक हॅरिसनं आपण गे आहोत हे २००६मध्ये जाहीरपणे सांगितलं आणि त्यानंतरही २०१४पर्यंत तो 'हाउ आय मेट युअर मदर' या मालिकेत बायकांमागे धावणारा बार्नी साकारतच राहिला. आजची भीती वेगळी आहे. २०२२मध्ये 'हार्टस्टॉपर' या शाळकरी मुलांच्या गे प्रेमकथेच्या मालिकेतल्या किट कॉनरला, वय वर्षं अठरा, आपण बायसेक्शुअल आहोत हे सांगावं लागलं ते चाहत्यांनी पिच्छा पुरवल्यामुळे. लपव म्हणणारा एजंट तिथे नव्हताच, 'सांग, सांग' म्हणणारी गर्दी होती. माझ्या वाचनातले बहुतेक लेखक अजून हडसनच्या एजंटाशीच लढताहेत.

इथपर्यंत मी दोन स्टार देऊन मोकळा झालो असतो. मग 'स्टार्लिंग' हाती लागलं. एरिन मॅक्रे आणि रॅशलीन माल्टीज या दोघींनी मिळून लिहिलेलं, २०१४चं. अ‍ॅलेक्स हा एका गाजणाऱ्या मालिकेवरचा प्रॉडक्शन असिस्टंट, म्हणजे आपल्याकडचा धावाधाव करणारा पोरगा, आणि अपघातानंच तो त्याच मालिकेत नट म्हणून उभा राहतो. प्रेम जमतं मालिकेच्या लेखकाशी. जमतं आणि पटकन फिसकटतंही, कारण पोराला ना प्रसिद्धी पेलते, ना मोठं होणं. फिसकटल्यावरही दोघांना कामाच्या निमित्तानं एकमेकांसमोर यायचंच असतं, आणि आजूबाजूची मंडळी लुडबूड करत राहतात. इथे मी सैल झालो. कारण युनिट असंच असतं. ब्रेकअप झालं म्हणून कुणाचा कॉल टाइम बदलत नाही.

माझं सांगतो. माझ्याबद्दल आमच्या युनिटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. जाहीर कधीच काही झालं नाही. नाइट असली की प्रॉडक्शनवाला विचारतो, 'घरी दोघांचं पार्सल नेणार ना?' बस, एवढंच. मेकअपदादा माझ्या जोडीदाराला 'आमचे जावई' म्हणतात, तेही तो समोर असताना. बाहेर, म्हणजे गावाकडे, मी अजून 'रूम पार्टनर'बरोबर राहतो. घरातला हा दुहेरी हिशेब आणि सेटवरचा मोकळेपणा, दोन्ही एकाच माणसाचे असतात हे बऱ्याच कादंबऱ्यांना सुचत नाही. त्यांना सेट म्हणजे धोका आणि बेडरूम म्हणजे सुटका असंच दिसतं.

'द चार्म ऑफेन्सिव्ह' घेतलं ते निव्वळ आडनावासाठी. अ‍ॅलिसन कोक्रनच्या या २०२१च्या कादंबरीचा एक नायक चक्क देव देशपांडे! अभिनयाची गोष्ट म्हणावी की नाही हा वाद आहे, कारण हा लग्न जुळवण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचा प्रोड्युसर. शोचा 'राजकुमार' चार्ली, त्याला कॅमेऱ्यासमोर वीस बायकांच्या प्रेमात पडल्यासारखं वागायचंय, आणि ते शिकवायचं काम देवचं. म्हणजे अभिनय आहेच, फक्त पगार नटाचा नाही. देशपांड्यांच्या घरातलं काही सापडेल म्हणून मी आशेनं वाचत गेलो. लेखिका अमेरिकन आहे, त्यामुळे आमटीचा वास येणार नाही हे गृहीतच होतं, आणि तो आलाही नाही. पण देवचं नैराश्य आणि चार्लीची ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार), चिंता हे काम चालू असताना कसं सांभाळलं जातं, टेक थांबवून कुणाला बाजूला कसं घ्यावं लागतं, हे तिनं नीट पाहिलंय. शूटच्या मधल्या त्या पाच मिनिटांसाठी मी मानेवरचे डाग माफ केले. (इथे डाग आहे की नाही हे आठवत नाही, आणि हीच मोठी पावती.)

सगळ्यात डोकं चालवलं ते थायलंडच्या 'लव्हली रायटर'नं. आधी कादंबरी, २०२१मध्ये तिची मालिका. मी मालिकेकडून कादंबरीकडे गेलो. जोडीदारानं इंग्रजी सबटायटल्ससकट सगळे भाग रात्री बसून पाहिले आणि मला झोपू दिलं नाही. जीन हा लेखक, त्याच्या गे प्रेमकथेवर मालिका बनते, आणि तिचा मुख्य नट त्याच्याच घरी राहायला येतो. गंमत अशी की तिथल्या धंद्यात पडद्यावरची दोन मुलांची जोडी पडद्याबाहेरही विकली जाते. फॅन मीट, जाहिराती, सगळीकडे दोघांनी जोडीनं मिरवायचं. मग घोटाळा कशाचा होतो? नट मुलावर प्रेम करतो याचा नाही. चुकीच्या मुलावर करतो याचा. चाहत्यांनी ज्याच्याशी जोडी लावलीय त्याला सोडून हा लेखकाच्या मागे. त्या थायलंडमध्ये जानेवारी २०२५पासून समलिंगी लग्न कायदेशीर आहे, आणि आपल्याकडे ऑक्टोबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं चेंडू संसदेकडे टोलवला, हे वाचताना डोक्यात येत राहतंच. पण कायदा आला म्हणून फॅन क्लबनं दिलेला जोडीदार सुटत नाही, हे या गोष्टीला कळलंय. अमेरिकन पुस्तकांत मी जे शोधत होतो ते इथे मिळालं.

तर पैसे वसूल झाले का? निम्मे. अर्ध्यावर सोडलेल्यांचा ढीग मोठा आहे, आणि अ‍ॅपवर एकदा 'टीव्ही नट' वाचलंत की पुढचे सहा महिने तेच ते उघड्या छातीचं कव्हर शिफारशीत येत राहतं, लोकलमध्ये फोन उघडायची चोरी. ऑटो-रिन्यू बंद केलंय, तुम्हीही आजच तपासा, सेटिंग्जमध्ये फार खाली लपवलेलं असतं. 'स्टार्लिंग' आणि देशपांडे यांना चार स्टार, 'लव्हली रायटर'ला साडेचार, बाकीच्यांना मिळून दोन. आणि ज्या कादंबरीत कंटिन्युटीवाल्याला नाव आहे अशी कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. संवाद नसले तरी चालतील.