नव्वद हजार ल्युमेनची टॉर्च आणि चोवीस ग्रॅमचा सेल

मागच्या डिसेंबरात, रात्री अकराच्या सुमारास थोरले दादा उसाची दारे बदलत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत असताना त्यांच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर घोणस होती आणि ती त्यांना दिसली नाही, ऐकू आली. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार ऐकून ते जागच्या जागी थिजले, आणि मग टॉर्च खाली वळवली तेव्हा पाचटावर पाचटाच्याच रंगाचे वेटोळे दिसले. दादांच्या हातात टॉर्च होती, ती चालू होती आणि तिच्या खोक्यावर ‘९०,००० ल्युमेन’ (ल्युमेन हे दिव्याच्या एकूण उजेडाचे माप) असे छापलेले होते. ती टॉर्च मी त्यांना घेऊन दिली होती, म्हणून हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात आहे. आमच्या फीडरला शेतीपंपाची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, त्यामुळे दारे धरायला अंधारात जाण्यावाचून इलाज नसतो. उसात बिबट्या असतो हे आता साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा गाठ पडते ती सापाशी. त्यामुळे आमच्याकडे टॉर्च ही हौसेची वस्तू नाही. खोऱ्याइतकीच ती गरजेची आहे.

ऑक्टोबरात मी ही टॉर्च ऑनलाइन मागवली. खोडलेली किंमत २,९९९ रुपये, प्रत्यक्ष किंमत ६९९ रुपये. पल्ला दोन किलोमीटर, सेल ९,९०० एमएएच (हे सेलच्या क्षमतेचे माप), एकदा चार्ज केली की आठ तास, असे वर्णन होते. ती आली त्या संध्याकाळी मी ओट्यावरून विहिरीपलीकडच्या पिंपळावर झोत टाकला, तेव्हा पिंपळाचे शेंडे लख्ख दिसले आणि शेजारपाजारची माणसे बाहेर येऊन पाहू लागली. मी त्याच रात्री पाच तारे देऊन अभिप्राय लिहिला. पुढच्या आठवड्यात भावकीतल्या पाच जणांनी माझ्या शब्दावर तीच टॉर्च मागवली. नंतर मी त्या पानावरचे अभिप्राय पुन्हा एकेक करून वाचले, तेव्हा लक्षात आले की कौतुकाचे जवळजवळ सगळे अभिप्राय माझ्यासारखेच वस्तू हाती आली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहिलेले होते, आणि ज्यांनी महिन्याभराने लिहिले होते त्यांची भाषा वेगळी होती. अभिप्राय वाचायचेच असतील तर हे उशिराचे वाचावेत.

पहिल्या पाच मिनिटांत डोळा फसतो, याला कारणे आहेत. सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि स्वस्त टॉर्चमध्ये प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट नसल्यामुळे दाब उतरेल तसा उजेडही उतरत जातो. ही उतरण इतकी सावकाश होते की हातात टॉर्च असलेल्या माणसाला ती जाणवतच नाही. त्यातच निळसर पांढरा उजेड अंधारात आहे त्यापेक्षा जास्त भासतो. शिवाय आपण टॉर्च नेहमी दूरच्या एका वस्तूवर मारून पाहतो, आणि ती वस्तू उजळली की समाधान मानतो. पायाजवळ काय दिसते हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते.

घोणशीच्या त्या रात्रीनंतर मी गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर तीन पावलांवर उभा राहिलो आणि झोत पहिल्यांदा नीट पाहिला. ही झूमची टॉर्च होती. पुढचे तोंड ओढले की झोत बारीक होतो आणि दाबले की मोठा होतो. तोंड पूर्ण ओढल्यावर भिंतीवर गोल नव्हे, तर चक्क चौकोन उमटला आणि त्या चौकोनात बारीक रेघा दिसत होत्या. ती एलईडीच्या चिपचीच प्रतिमा होती, कारण पुढचे जाड भिंग त्या चिपचे चित्र जसेच्या तसे समोर फेकते. चौकोनाच्या बाहेर काहीही नव्हते, भिंत काळी होती. भिंग पुढे ओढलेले असते तेव्हा चिपमधून बाजूला जाणारा बराचसा उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर आदळून वाया जातो, म्हणजे आधीच थोडका असलेला उजेड आणखी कमी होतो. तोंड दाबल्यावर मोठे वर्तुळ मिळाले, पण त्याची कड सुरीने कापल्यासारखी होती. आत उजेड, बाहेर काळोख. दादा दूरचा वाफा पाहण्यासाठी झोत बारीक करून चालत होते, आणि त्यांचे पाय त्या चौकोनाच्या बाहेर होते.

याउलट साध्या वाटीच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या टॉर्चमध्ये मधोमध तेजस्वी ठिपका आणि त्याभोवती फिकट उजेडाचा मोठा घेर असतो. दूरचे ठिपक्यात दिसते आणि पायाजवळचे घेरात, तेही एकाच वेळी. शेतात, वाटेवर, गडावर चालणाऱ्याला हाच झोत हवा. अर्थात वाटीतही दोष असतात. एलईडी वाटीच्या बरोबर केंद्रस्थानी बसवलेला नसेल तर ठिपक्याच्या मधोमध काळसर भोक पडते, आणि वाटी निकृष्ट असेल तर घेरात वर्तुळांवर वर्तुळे उमटतात. वाटीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असेल तर ही वर्तुळे मिसळून झोत सौम्य होतो, आणि आरशासारखा गुळगुळीत असेल तर पल्ला थोडा वाढतो. हे सारे दुकानातल्या कोणत्याही पांढऱ्या भिंतीवर अर्ध्या मिनिटात दिसते. झोत हळूहळू बाजूला सरकवत न्यावा. डोळा एकाच जागी खिळला की दोष लपतात.

रंगाचीही परीक्षा मी घरीच केली. वहिनींनी एका ताटात लाल तिखट, हळद आणि गूळ ठेवला, बाजूला मूठभर पाचट ठेवले, आणि आम्ही खोलीतला दिवा बंद केला. त्या टॉर्चच्या उजेडात तिखट विटकरीच्या भुकटीसारखे मळकट दिसले, आणि गूळ व पाचट यांचा रंग जवळजवळ एकच झाला. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात लाल रंगाचा अंश फार कमी असतो, त्यामुळे तपकिरी रंगाच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. पाचटावरची घोणस ही तपकिरीवर तपकिरीच असते. हे ताट पाहिल्यावर दादा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

मग सेल बाहेर काढला. ज्याला १८६५० म्हणतात तो हा सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते आणि त्याची क्षमता साधारणपणे फार तर ३,६०० एमएएचपर्यंत असते. या मापात ९,९०० एमएएचचा सेल जगात कोणीही बनवत नाही. आमचा सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २४ ग्रॅम भरला, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघालेला त्याच मापाचा सेल ४६ ग्रॅम. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका मुलाकडे क्षमता मोजणारे यंत्र आहे. त्याने सेल पूर्ण भरून पूर्ण उतरवला, तेव्हा ८८० एमएएच एवढीच नोंद झाली. त्याने टॉर्चही उघडून दाखवली. आत चार्जिंगचा साधा भाग आणि एक रोधक यांपलीकडे काही नव्हते, सेल जास्त भरू नये म्हणून लागणारे संरक्षक सर्किटही नव्हते. असा सेल कोणीही कापून पाहू नये, आणि अशी टॉर्च रात्रभर चार्जिंगला लावून अंथरुणाजवळ ठेवू नये. लिथियमचा सेल पेटला की तो पाण्याच्या तांब्याने विझत नाही.

खरे तर खोक्यावरच्या आकड्यांनी स्वतःच आपला खोटेपणा सिद्ध केला होता, पण मी ते हिशेबाला घेतले नाहीत. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बचा उजेड साधारण ९०० ल्युमेन असतो. म्हणजे ९०,००० ल्युमेन म्हणजे तसे शंभर बल्ब, आणि त्यासाठी सुमारे ९०० वॅट वीज. खोक्यावरचा ९,९०० एमएएचचा आकडा क्षणभर खरा धरला, तरी ३.७ व्होल्टने गुणल्यावर सेलमधली ऊर्जा ३७ वॅट-तासही भरत नाही. ती ९०० वॅटला अडीच मिनिटेसुद्धा पुरणार नाही. आणि खोक्यावर तर आठ तास लिहिलेले. प्रत्यक्षात ८८० एमएएच म्हणजे सव्वातीन वॅट-तास, आणि आमची टॉर्च चाळीस मिनिटांत मंदावत होती, याचा अर्थ ती जेमतेम पाच वॅटची होती. मोटारीच्या हॅलोजन दिव्याचा, तोही अप्पर लावल्यावर, उजेड सुमारे १,६५० ल्युमेन असतो. सातशे रुपयांची, मुठीत मावणारी टॉर्च अशा पन्नासाहून अधिक दिव्यांचा उजेड देईल, यावर मी विश्वास ठेवला होता.

ही टॉर्च प्रत्यक्षात किती उजेड देते याचा ढोबळ अंदाज मोबाइलवरही येतो. लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारे एखादे अॅप घ्यावे, खोली पूर्ण अंधारी करावी, मोबाइल टेबलावर उताणा ठेवून टॉर्च त्याच्या शेजारी छताकडे तोंड करून उभी करावी आणि आकडा लिहून ठेवावा. मग त्याच जागी ९ वॅटचा बल्ब लावून आकडा घ्यावा. बल्बचा थेट उजेड मोबाइलवर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरावा. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, पण दोन दिव्यांची तुलना करायला तो पुरतो. आमच्या टॉर्चचा आकडा सुरुवातीला बल्बच्या निम्म्याहून थोडा कमी होता, म्हणजे चारशेच्या आसपास ल्युमेन, आणि अर्ध्या तासाने तो पहिल्याच्या पाचव्या हिश्श्यावर आला. चारशे ल्युमेन वाईट नव्हेत. चारशे म्हणूनच विकले असते आणि ते दोन तास टिकले असते, तर माझी काहीच तक्रार नव्हती.

पल्ल्याचेही तसेच. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल-१ हे मापनाचे मानक ठरले. त्यानुसार पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उतरतो तिथपर्यंतचे अंतर. झोताच्या मधोमधची तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. तिचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटरमध्ये पल्ला मिळतो. पाच मीटरवरून भिंतीवर आमच्या चौकोनाचा आकडा ४०० लक्स आला. अंतराच्या वर्गाने, म्हणजे पंचविसाने गुणले की १०,००० कँडेला, आणि पल्ला २०० मीटर. दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतात. पल्ला दसपट करायचा तर तीव्रता शंभरपट लागते, म्हणून पल्ल्याचे मोठे आकडे लिहिणे जितके सोपे तितके ते खरे करणे कठीण. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात साप काय, बैलसुद्धा ओळखू येत नाही. कामाचा पल्ला छापलेल्या आकड्याच्या निम्मा धरावा. याच मानकात टॉर्च चालण्याचा वेळ हा उजेड दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा मोजतात, म्हणून प्रामाणिक कंपनीने लिहिलेले तासही पूर्ण उजेडाचे तास नसतात.

‘टी-६’, ‘पी-७०’ अशा अक्षरांनाही भुलू नये. टी-६ हे एका एलईडीच्या उजेडाच्या प्रतवारीचे जुने सांकेतिक नाव होते. आता ते कोणत्याही टॉर्चवर छापतात. सेलवर मात्र भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते जरूर पाहावे. आमच्या सेलवर यांतले काहीच नव्हते. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ताही नव्हता, आणि २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार तो छापणे बंधनकारक आहे.

दादांसाठी आता मी तालुक्याच्या दुकानातून १,१५० रुपयांची टॉर्च आणली आहे. तिच्यावर फक्त ८०० ल्युमेन लिहिले आहे, सोबत कँडेलाचा आकडाही आहे, सेल ३,००० एमएएचचा आहे आणि काट्यावर ४७ ग्रॅम भरला. दुकानदाराला मी विनंती केली तेव्हा त्याने दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ती अर्धा तास चालू ठेवू दिली. या टॉर्चने पिंपळाचे शेंडे पहिलीइतके लख्ख दिसत नाहीत. पण दोन्ही बाजूंची सरी पायापासून दिसते.

जुन्या सहा टॉर्चपैकी फक्त दोघांचे पैसे परत मिळाले. परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली, असे सांगून विक्रीच्या संकेतस्थळाने आधी हात वर केले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर, बिल, खोक्याचे फोटो आणि काट्यावरच्या सेलचा फोटो पाठवल्यावर माझे आणि एका चुलतभावाचे पैसे आले. बाकीच्या चौघांनी खोके चुलीत घातले होते आणि रोखीने पैसे दिल्यामुळे त्यांच्याकडे पुरावा उरला नव्हता. त्यांना मी माझ्याकडून पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नसते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

विकणाऱ्याचे ते पान आता बंद झाले आहे. गेल्या महिन्यात तीच टॉर्च दुसऱ्या नावाने ७४९ रुपयांना पुन्हा दिसली. फोटोही तोच आहे: अंधारात उभा असलेला माणूस, त्याच्या हातातून निघून डोंगरमाथ्यापर्यंत गेलेला, पांढऱ्या काठीसारखा सरळ झोत, आणि त्या डोंगराच्या उजव्या उतारावर संगणकावर खोडायचा राहून गेलेला दिवसाच्या उन्हाचा एक पट्टा. ल्युमेनचा आकडा आता १,२०,००० आहे.