लेमन बामचा चहा: काही महिने वापरल्यावर

गवती चहाची सवय असलेल्या जिभेला लेमन बामचा पहिला कप पाणचट लागतो. लिंबासारखा वास दोन्हींत मुख्यतः सिट्राल या सुगंधी घटकाचाच, पण पुदिन्याच्या कुळातल्या या झाडाच्या पानांत सुगंधी तेल जेमतेम असतं आणि तेही वाफेबरोबर पटकन उडतं. म्हणून गवती चहासारखं खळखळ उकळलं, की वास घरभर आणि कपात नुसतं हिरवट पाणी.

पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा. १५० मिली पाण्याला २ ग्रॅम सुकी पानं (चुरलेली असतील तर चहाचे दोन चमचे शिगोशीग) किंवा १२-१५ ताजी पानं हाताने फाडून टाकायची आणि लगेच झाकण ठेवायचं. ८ ते १० मिनिटांनी झाकणाला आतून आलेलं पाणीही कपातच झटकायचं, वास त्यातच अडकलेला असतो. १५ मिनिटांपुढे ठेवलं तर तुरटपणा वर येतो. दूध नको. आलं घातलं तर तो आल्याचा चहा होतो. मध चालतो. लिंबू पिळायचा मोह होतोच, पण मग लेमन बाम घातला कशाला?

गुण सौम्य आहे. झोपेची गोळी समजून पिणाऱ्याची निराशा होईल. झोपायच्या तासभर आधी घेतला तर ताण थोडा सैलावतो, पोट गच्च असेल तर तेही हलकं वाटतं. यातलं पानाचं श्रेय किती आणि गरम काहीतरी सावकाश पिण्याचं किती, हा प्रश्न उरतोच. कॅफीन नाही हा फायदा मात्र नक्की. मोठा मग भरून प्यायलात तर रात्री उठावं लागेल. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी मेहनत पानं वाळवण्यात आहे. फुलं येण्याआधी, सकाळी दव सुकल्यावर फांद्या कापाव्यात. पानं चुरगळली किंवा ओलसर राहिली की काळी पडतात आणि त्यांना पेंढ्याचा वास येतो. उन्हात अजिबात नको. सावलीत, जाळीवर, एकेरी थरात पसरावीत. पावसाळ्यात दमट हवेमुळे हे जमतच नाही, तेव्हा ताजीच वापरावीत. देठ कटकन मोडला की वाळली समजायचं. १०० ग्रॅम ओल्या पानांची वीसेक ग्रॅम भरतात. बरणीत अख्खी ठेवून ऐनवेळी चुरायची, आधीच चुरून ठेवली तर वास लवकर जातो.

कुंडीत लावायचं तर बी फार बारीक असतं. खोल पुरलं तर रुजत नाही, मातीवर नुसतं भुरभुरायचं. पुण्या-नाशिककडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊनच पुरे.

विकतच्या टी-बॅग घेताना घटकांची यादी वाचा. कपातून लिंबाचा कडक वास येत असेल, तर पुष्कळदा त्यात गवती चहा मिसळलेला असतो.